चार बोटे माया

आमचा नातू यंदा दुसरीत गेला. मुलगा आणि सून चाकणला कारखान्यात कामाला आहेत. दोघांच्या पाळ्या वेगळ्या, खोली एकच, शेजार अनोळखी. म्हणून पोरगा अडीच वर्षांचा असताना आमच्याकडे लोहाऱ्याला आला आणि इथेच रुळला. दर रविवारी फोन येतो. सून आधी विचारते, "जेवला का?" मग विचारते, "आत्या, किती वाढला?" हल्ली फोनमध्ये तोंड दिसते, पण उंची कशी दिसावी? आम्ही पोराला चौकटीशी उभे करतो, विजारीची मोहरी घोट्यापासून किती वर गेली ते बोट लावून पाहतो आणि सांगतो, "जूनपासून दीड बोट." तिकडून थोडा वेळ आवाज येत नाही.

आमच्याकडे जुनी माणसे विजार म्हणतात, शाळेतली लेकरे पॅन्ट म्हणतात आणि कापडाच्या दुकानात पायजमा म्हणतात. वस्तू एकच. घरी घालायला, झोपायला, खेळायला. ती आम्ही घरीच शिवतो. आम्ही म्हणजे नवरा-बायको. एकाने उमेदीची पाच वर्षे उमरग्याला एका टेलरच्या हाताखाली काजे-बटणे करण्यात घालवली आणि जाता-येता कापायला शिकला. दुसरीने वस्तीतल्या बायांची झंपरे शिवून घर चालवले. त्यामुळे कात्री एकाची, मशीन दुसरीची. कात्रीवाला चुकला की मशीनवाली बोलते, आणि टीप वाकडी गेली की कात्रीवाला चष्मा पुसत बसतो. हा लेखही तसाच दोघांचा आहे.

विजार शिवणे काही मोठी विद्या नाही, पण ती वाढत्या लेकराची असली की डोके चालवावे लागते. ज्या घरात मशीन आहे त्या भगिनींच्या उपयोगी पडेल म्हणून आमची रीत सांगतो.

आधी कापड. सुती घ्यावे. कोरे कापड रात्रभर पाण्यात भिजत ठेवावे, सकाळी न पिळता सावलीत वाळवावे, मग इस्त्री फिरवावी. ही पायरी पुष्कळ जण गाळतात आणि मग पहिल्या धुण्यात विजार आटली की दुकानदाराला दोष देतात. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतेच. ते अंगावर आटण्यापेक्षा बादलीत आटलेले बरे.

मग माप. नातवाचा सीट चोवीस इंच आहे आणि कमरेपासून घोट्यापर्यंत सत्तावीस. कापडाचा पन्हा छत्तीस इंच. तो मधोमध फाडला की अठरा-अठरा इंचांचे दोन पाय निघतात. सीटचे निम्मे बारा, वर सहा इंच सैल. पळायला, मांडी घालून बसायला तेवढे पुरते. लांबीत सत्तावीस, नेफ्याला दोन आणि खाली दुमडीला साडेतीन, असे साडेबत्तीस इंच झाले. म्हणजे एक वार कापडात साडेतीन इंचांची पट्टी उरते. त्या पट्टीतून साडेतीन इंचांचा एक चौकोन काढावा. तो आसनाला. उरलेल्या पट्टीचे उभे दोन भाग करून जोडले की नाडी झाली. गुडघ्याखाली तिरके कापून मोहरी अरुंद केल्यावर जे त्रिकोणी तुकडे निघतात ते गोधडीच्या गाठोड्यात जातात. एक वार कापड, एक विजार, खाली चिंधी नाही. दुकानात मीटर मिळतो हे खरे, पण आमच्या हाताला अजून वारच समजतो.

आसनाचा चौकोन विसरू नये. दोन पाय आणि दोन बाजू जिथे मिळतात त्या जागी सगळा ताण येतो. लेकरू झाडावर चढले, उकिडवे बसले, की टीप तिथेच उसवते. चौकोन तिरका बसवून डबल टीप मारली की कापड विरेल, पण आसन फाटणार नाही.

आता मुख्य गोष्ट, खालची दुमड. शिवणकामात जास्तीचे कापड आत दाबून ठेवतात त्याला माया म्हणतात. हा शब्द कुणी घातला माहीत नाही, पण ज्याने घातला त्याच्या घरात लेकरे असणार. सात-आठ वर्षांचे पोर वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर उंच होते, आणि त्यातली निम्मी वाढ पायांत जाते. कंबर मात्र फार हळू वाढते, तिला नाडी सांभाळून घेते. म्हणून सगळी माया खाली ठेवायची. साडेतीन इंच म्हणजे आमच्या हाताची चार बोटे. पहिल्या वर्षी चारही बोटे आत. मग दिवाळीच्या सुमारास दीड बोट सोडायचे, पुन्हा टीप, पुढच्या उन्हाळ्यानंतर आणखी दीड. कापड टिकले तर एक विजार दोन वर्षे अंगाला बरोबर येते. दुमड नेहमी हाताने आणि लांब टाक्यांनी घालावी. मशीनची बारीक टीप उसवताना कापडाला भोके पडतात.

हे सगळे आम्ही टेलरकडे शिकलो, असे वाटेल. कापणे टेलरकडे शिकलो. चार बोटे ठेवायला शिकलो ते घरातल्या म्हातारीकडून. ती आमच्यापैकी एकाची आई, एकीची सासू. तिला सगळी वस्ती बाय म्हणायची.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या भागात कुणाला सांगावी लागत नाही. आदल्या दिवशी गणपती बुडवून माणसे दमून झोपलेली. चार वाजायला काही मिनिटे कमी असताना भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. आमच्याजवळचे सास्तूर पार जमीनदोस्त झाले. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद, तेच अंगावर आले. आमची मागची भिंत पडली. आम्ही पुढच्या खोलीत होतो म्हणून आज हे लिहितो आहोत. मशीन भिंतीखाली गेले. चार दिवसांनी उकरून काढले तेव्हा वरचे डोके शाबूत होते, पण लोखंडी स्टॅन्डचा एक पाय वाकला होता. तो आजही वाकडाच आहे, खाली लाकडाची खुंटी देतो.

मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. अंगावर चड्डी आणि बनियन, बाकी सगळे मातीत. आणि पाऊस. त्या दिवसांत पडलेल्या पावसाने दगडांखालच्या माणसांना आणि वरच्यांना सारखेच भिजवले.

मग मदत यायला लागली. महाराष्ट्रातून आली, बाहेरून आली, परदेशातून आली. धान्य, औषधे, ताडपत्री, भांडी. आणि कपडे. कपड्यांचे टेम्पोच्या टेम्पो रिकामे होत. रस्त्याकडेला ढीग पडत. साड्या, झगे, कोट, लोकरीच्या टोप्या, एका पायाचे मोजे. काही चांगलेही असे, धुतलेले, घडी घातलेले, खिशात एखाद्या पोरीने लिहिलेली चिठ्ठी. पाठवणाऱ्यांचे मन आम्ही नाकारत नाही. परक्या माणसांनी आमच्यासाठी कपाट उघडले होते. पण ढिगात वाकून, दोन्ही हातांनी उपसून, आपल्या लेकराच्या मापाचे काही सापडते का ते बघणे आणि मागून लोक बघत आहेत हे कळणे, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक.

आम्ही एक पायजमा काढून आणला. निळ्या पट्ट्यांचा, कुण्या दहा-बारा वर्षांच्या पोराचा असावा. गुडघ्याला रफू होते. चांगले होते, कुणा आईने मन लावून केलेले. मोहरी चार वेळा दुमडून, कमरेला सुतळी बांधून आम्ही तो मुलाला घातला. पोरगा कोरडा झाला, झोपला.

बाय ताडपत्रीखाली बसून बघत होती. काही बोलली नाही. रात्री पोराला झोप लागल्यावर म्हणाली, "कुणाचं हाय ते?"

"माहीत न्हाई, बाय. मदतीत आलंय."

"जित्याचं हाय का मेल्याचं?"

आम्हाला आधी राग आला. इथे लेकरू थंडीने कुडकुडत होते आणि ही काय विचारते! पण मग तिने सांगितले, आणि ते तिने त्याआधी कधी सांगितले नव्हते.

निजामाच्या राजवटीत, ती आठ-नऊ वर्षांची असताना, गावात कुणी मेले की महारवाड्यातल्यांनी निरोप न्यायचा, लाकडे फोडायची आणि मढ्यावरचे कापड घ्यायचे. तो हक्क म्हणे! वर्षातून अंगावर नवे म्हणून जे यायचे ते हेच. तिच्या आईने एकदा तसल्या कापडाचा तिला परकर शिवला. पांढरा, कोरा करकरीत. ती तो घालून ओढ्यावर गेली तेव्हा एका मोठ्या घरच्या बाईने ओळखले आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आमच्या मामंजींचं हाय गं हे." बाय सांगत होती, "तवापास्नं मला कोरं कापड बघितलं की त्या म्हाताऱ्याचं तोंड दिसायचं."

आपल्या वाचकांना हे नवे नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मेलेल्यांचे कपडे वापरावेत असे लिहूनच ठेवले आहे. शतकानुशतके त्या एका ओळीने किती लेकरांचे अंग झाकले असेल याचा हिशेब कुणी करावा? डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्या ग्रंथाचे दहन झाले आणि त्याच परिषदेत बाबासाहेबांनी बायकांशी बोलताना कपड्यांचा विषय काढला. लुगडे कसे नेसावे, जात ओळखू येईल असले दागिने का टाकावेत, हे त्यांनी सांगितले. इतक्या मोठ्या लढ्याच्या मध्ये लुगड्याच्या नेसण्यावर बोलणारा नेता दुसरा कोण दाखवाल? त्यांना माहीत होते की माणसाला आधी कपड्यावरून जोखतात, मग नावावरून.

१९५६ नंतर आमच्या वाड्यावरही मढ्यावरचे कापड बंद झाले. एकदम नाही, घरागणिक, भांडणागणिक. बायच्या घरी ती नव्याने नांदायला आलेली असताना बंद झाले. ती म्हणायची, त्या वर्षी अंगावर धड काही नव्हते, पण जे होते ते आपले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आपले गाठोडे सोडले. भिंत पडताना तिने एवढेच बाहेर ओढले होते. त्यात विहारात जायला ठेवलेली पांढरी सुती साडी होती. कोरीच म्हणायची, दोनदा नेसलेली. तिने काठाला दात लावला आणि टर्रकन फाडली. आम्ही हात धरायला गेलो.

"बाय, ती तुझी विहाराची साडी हाय."

"विहार पडलाय. लेकरू उभं हाय. काप."

मशीन दगडांखाली होते. कात्री शेजारच्या तंबूतून आणली. मुलाला उभा करून सुतळीने माप घेतले, सुतळीला गाठी मारल्या. दोन विजारी निघाल्या. उलटी टीप घालून हाताने शिवल्या, एक एकीने, एक दुसऱ्याने. बाय काठ कापून नाडी वळत बसली. खाली दुमड घालताना आम्ही दोन बोटे ठेवली होती. तिने बघितले आणि म्हणाली, "चार ठेवा. वाढंल की त्यो."

त्या दिवशी ते ऐकून काय वाटले ते सांगता येत नाही. अवतीभवती अजून माणसे काढत होते.

निळ्या पट्ट्यांचा तो पायजमा आम्ही फेकला नाही. बायनेही फेकू दिला नाही. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये गेलो तेव्हा त्याची उशीची खोळ झाली. जुन्या कापडाशी तिचे वैर नव्हतेच. विहारात आम्ही ऐकलेली एक गोष्ट आहे. चुल्लवग्गात येते. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी भदंत आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला शंका आली, हा श्रमण एवढ्या कपड्यांचे काय करणार, दुकान मांडणार की काय? त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना वाटीन. मग त्यांच्या विरलेल्या चीवरांचे काय? अंथरुणावर घालायची चादर. जुन्या चादरींचे काय? गादीची खोळ. जुन्या खोळींचे? जमिनीवर अंथरायला. त्याचे? पायपुसणे. त्याचे? झटकणी. आणि शेवटी उरलेल्या चिंध्या कुटून मातीत कालवायच्या आणि जमीन सारवायची. राजाला पटले. त्याने आणखी पाचशे दिली.

बायला ही गोष्ट फार आवडायची. "आपल्याच घरचं सांगतोय की," म्हणायची. आमच्याकडेही तेच. विजार गुडघ्यावर फाटली की अर्धी चड्डी, मग गोधडीत, मग पोतेरे. तिला नको होते ते जुने कापड नव्हे. दुसऱ्याने नको झालेले, मापाबाहेरचे, न विचारता अंगावर टाकलेले कापड नको होते. विचारून, धुवून, मापाने दिलेले कुणीही द्यावे, आम्ही आजही घेऊ. आणि देताना तसेच द्यावे. कुठे पूर आला म्हणून वस्तीतून कपडे गोळा होतात तेव्हा आम्ही फाटके बाजूला काढतो, नाड्या घालतो, प्रत्येकावर वय लिहितो. तरुण पोरे वैतागतात, टेम्पो थांबलाय म्हणतात. थांबू द्या.

साडीच्या त्या विजारी मुलाने तीन वर्षे घातल्या. बाय गेली त्याला आता बरीच वर्षे झाली.

हे आज लिहायचे कारण वेगळे आहे. श्रावणात नातू शाळेतून आला आणि शिवलेली विजार घालीना. राखाडी रंगाची होती. गेल्या वर्षीची दुमड आम्ही एकदा सोडली होती, त्यामुळे मोहरीच्या वर गडद रेघ दिसत होती. आत दुमडलेले कापड उन्हात विटत नाही, म्हणून तेवढा पट्टा नवा राहतो आणि वरचा फिका पडतो. संध्याकाळी पोरे खेळत होती, त्यात कुणीतरी म्हटले होते, "ह्याची पॅन्ट दर वर्षी खाली वाढते." सगळी हसली. आमचे पोरगे म्हणाले, "आज्जी, मला बाजारातली ट्रॅक पाहिजे."

आम्ही आणली. उगाच का खोटे बोलावे, चांगली होती. हलकी, पटकन वाळणारी, बाजूला पांढऱ्या पट्ट्या. किंमत आमच्या एक वार कापडापेक्षा फार जास्तही नव्हती. ती फाटली, उसवली, असे काही झाले नाही. पोरगा खूश होता. फक्त दिवाळीच्या आधीच ती घोट्याच्या वर गेली आणि खाली बघावे तर पाव इंच दुमड, सोडायला काहीच नाही.

बायची गोष्ट त्याला सांगावी की नाही, यावर आमचे एकमत झालेले नाही. एकाचे म्हणणे, अंगावरचे कापड कुठून आले हे लेकराला कळलेच पाहिजे, नाही तर उद्या तो कुणाच्याही हसण्याने खाली मान घालील. दुसरीचे म्हणणे, सात वर्षांच्या पोराला विजार हवी आहे, इतिहास नाही. ओढ्यावरची ती बाई आत्ताच त्याच्या डोक्यात कशाला घालायची? त्याला कोऱ्या कापडात कोरे कापडच दिसू दे. दोन्ही बाजू आम्हाला पटतात, म्हणून भांडण मिटत नाही.

रेघेचे मात्र काहीतरी करायला हवे होते. कात्रीवाल्याने सुचवले की माया वर नेफ्यात घालू, सदऱ्याखाली झाकली जाईल. मशीनवालीने विचारले, मग आसन गुडघ्यात लोंबेल त्याचे काय? खरे होते. शेवटी पोरालाच बोलावले. चिंध्यांचे गाठोडे त्याच्यापुढे उपडे केले आणि म्हटले, रेघेवर एक पट्टी मारू, तू निवड. त्याने अर्धा तास लावला. आजीच्या झंपराचा लाल काढला, ठेवला. शाळेच्या जुन्या सदऱ्याचा निळा काढला. मग म्हणाला, "एक न्हाई, दोन. ट्रॅकसारख्या." दोन पट्ट्या, बोटभर अंतराने. पहिली रेघेवर, दुसरी नुसतीच. मशीनवर तो मांडीवर बसला, चाकाला हात लावायचा होता त्याला. दुसरी पट्टी त्यामुळे थोडी वाकडी आहे.

दुसऱ्या दिवशी ती घालून तो खेळायला गेला. कुणी काय म्हटले ते त्याने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. पण परत आला तो विजार न काढताच जेवायला बसला.

दिवाळीला मुलगा-सून चार दिवस आले. सून आल्या आल्या पोराला जवळ घेऊन खाली बसली आणि मोहरी उलटी केली. आधी पट्टी बघितली, मग त्याखाली आत दाबलेले कापड. त्यावर आपली बोटे टेकवून मोजले.

"आत्या, अजून अडीच बोटं हायेत," ती म्हणाली.

"हायेत की. उन्हाळ्यानंतर दीड सोडायचं."

"मी येईपर्यंत सोडू नका," ती म्हणाली. "मी सोडते."